दुसऱ्या नंबरची बंदूक

मुलांनो, बसल्या जागेवरून एक हात पुढे करा. डावा किंवा उजवा, ज्याने तुम्ही लिहिता तो. आता त्या हातात बंदूक आहे अशी कल्पना करा. खरी नाही. निळ्या प्लॅस्टिकची, जत्रेतल्या खेळण्यापेक्षा जराशी जड, मुठीखालून जाडजूड वायर निघून यंत्राच्या पोटात गेलेली. समोर दारापेक्षा मोठा पडदा आहे. पडद्यावर संक्रांतीचं आभाळ आहे, त्यात लाल पतंग आहेत, मध्येच एखादं पाखरू उडत जातं. पतंग पाडायचे, पाखराला धक्का लावायचा नाही. धरा नेम. ओढा चाप.

पडला पतंग. आता मला सांगा, तुमच्या बंदुकीतून बाहेर काय पडलं?

गोळी नाही, हे तुम्हाला ठाऊक आहे. ‘प्रकाश’ असं तुमच्यातले बरेच जण म्हणतील. मोठी माणसंही तेच म्हणतात. पण बंदुकीतून काहीच बाहेर पडलं नाही. उलट काहीतरी आत आलं. या खेळाच्या अगदी जुन्या बंदुकांत नळीच्या आत एक छोटा डोळा बसवलेला असायचा. चाप ओढला की पडदा पापणी लवायच्या आत काळा व्हायचा आणि पतंगाएवढीच जागा पांढरी उजळायची. बंदुकीच्या डोळ्याला उजेड दिसला तर नेम लागला. अंधार दिसला तर चुकला. हे सगळं इतक्या झटकन व्हायचं की खेळणाऱ्याला वाटायचं, आपण मारलं. बंदूक मारत नव्हती, बंदूक पाहत होती. एवढं लक्षात ठेवा.

हात खाली घेऊ नका अजून. दुखतोय ना? थोडा दुखू द्या. आता त्याच हाताच्या पालथ्या पंजावर वहीचा कागद ठेवा आणि कागदाच्या कडेकडे पाहा. थरथरते आहे. घाबरू नका, सगळ्यांचीच थरथरते. जिवंत हात कधीच अगदी स्थिर नसतो. स्नायू सारखे थोडे ओढतात, थोडे सोडतात आणि आपल्याला वाटतं हात स्वस्थ आहे.

आता घ्या हात खाली. गोष्ट सुरू करतो. ती फार पुढच्या काळातली नाही. तुम्ही नोकरीला लागाल, त्या सुमाराची आहे.

*

नाशिकच्या बाहेर, हमरस्त्याला लागून, एक मॉल होता. त्याचा सरकता जिना बंद पडून बरेच दिवस झाले होते आणि लोक त्यावरून साध्या जिन्यासारखे चढत. तिसऱ्या मजल्यावर ‘मौजमैदान’ नावाचा खेळांचा हॉल होता. मुलं घरच्या घरी चष्मे लावून खेळायला लागल्यापासून तिथे गर्दी राहिली नव्हती. गाड्यांच्या शर्यतीच्या सीटा फाटल्या होत्या. पॉपकॉर्नचं यंत्र नुसतं दिवा लावून बसलेलं असे. पण कोपऱ्यात नव्या जातीचं एक यंत्र होतं, पतंगांचं, आणि त्याच्यासाठी दर रविवारी भूषण खैरनार आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी केतकी जिना चढून येत.

भूषण क्रेन चालवत. जवळच एक कोरडं बंदर होतं. म्हणजे जिथे समुद्र नाही पण बाकी सगळं बंदरासारखं आहे अशी जागा. द्राक्षांचे, कांद्यांचे कंटेनर तिथे भरून, सील होऊन, रेल्वेने समुद्राकडे जात. उंच केबिनमध्ये बसून भूषण घराएवढा कंटेनर उचलून रेल्वेच्या वाघिणीवर असा ठेवत की आतल्या द्राक्षाला कळू नये. खाली उभं राहून त्यांना हाताने खुणा करायला केतकीचा नंदूमामा असे. वर उचलायचं असेल तर ‘हबेस’, खाली सोडायचं असेल तर ‘आरिया’. हे क्रेनवरच्या माणसांचे फार जुने शब्द आहेत. खैरनारांच्या घरात ते कपाटावरचा डबा काढतानाही वापरले जात.

“नावं?” काउंटरवरचे साजिदभाई विचारायचे. ओळख असली तरी विचारायचे, कारण नाव घातल्याशिवाय यंत्र सुरू होत नसे.

“घाला. भूषण खैरनार, केतकी खैरनार,” पप्पा सांगायचे. कुठेही नावं सांगताना मोठ्याचं आधी, मग धाकट्याचं, असं आपण सांगतोच. पहिलं नाव पहिल्या नंबरच्या बंदुकीला लागायचं आणि दुसरं दुसऱ्या नंबरच्या.

मग दोघं यंत्रापाशी जायची. केतकी डावखुरी होती. उजव्या बाजूला उभी राहिली की तिचं कोपर पप्पांच्या बरगडीत घुसायचं. म्हणून ती नेहमी डावीकडे उभी राहायची. पहिल्या नंबरची बंदूक डावीकडे होती.

त्या रविवारी पप्पा पहिल्या पाळीवरून थेट आले होते. दोन डावांच्या मधे त्यांनी बंदूक स्टँडवर टेकवली, मूठ तशीच हातात धरून ठेवली आणि उभ्या उभ्या डोळे मिटले.

“पप्पा! झोपताय काय? आले पतंग!”

“झोपलो नाही गं. डोळे धुतोय आतून.”

“हबेस, हबेस! तो वरचा!”

पप्पांनी डोळे उघडले, बंदूक उचलली आणि वरचा पतंग पाडला. मग बाजूचा. मग ढगामागून नुसतं शेपूट दाखवणारा.

“आरिया,” ते शांतपणे म्हणाले. केतकीने घाईत चाप ओढला आणि एक बगळा फडफडत खाली आला.

“गेला बिचारा. आता रात्री स्वप्नात येईल तुझ्या. म्हणेल, केतूताई, माझं काय चुकलं?”

“तुमच्यामुळे चुकला! तुमचा एकही कसा चुकत नाही हो?”

“माझा हात आहे तो,” पप्पा म्हणाले आणि पडद्याकडे बघतच राहिले. डाव संपला होता, तरी बघत राहिले.

*

पप्पांचा नेम का चुकत नव्हता, हे सांगायला मला पुन्हा बंदुकीकडे जायला हवं.

नवी बंदूक पडद्याकडे पाहते तशीच ती तुमच्याकडेही पाहते. तुम्ही बोट हलवायचं ठरवता तेव्हा मेंदूकडून निरोप निघतो, मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत येतो, आणि स्नायू आखडण्याच्या जरासं आधी कातडीवर विजेची बारीकशी कुजबुज होते. बंदुकीच्या मुठीवर धातूच्या टिकल्या असतात, त्या ही कुजबुज ऐकतात. थोडे आठवडे खेळलात की यंत्राला तुमचा हात पाठ होतो. कुठली हालचाल तुम्ही मुद्दाम केलीत आणि कुठली नुसती थरथर आहे, हे त्याला वेगळं काढता येतं. मग ते थरथर वजा करतं. पडद्यावर उरतो तो तुमच्या मनातला नेम, हाताची खोट काढून टाकलेला.

यंत्र बनवणाऱ्यांना कोणाचं दुखणं शोधायचं नव्हतं. त्यांना पुन्हा पुन्हा येणारं खूश गिऱ्हाईक हवं होतं. पण गणितात तुम्ही शिकलाच आहात की कशातून काही वजा करायचं तर ते किती आहे हे आधी मोजावं लागतं. यंत्राने लाखो हातांची थरथर मोजली. ती डॉक्टरांच्या हाती पडली, आणि त्यांना त्यात एक वेगळी थरथर सापडली. सावकाश, सेकंदाला चार-पाच वेळा होणारी. हात कामात असताना ती लपते आणि हात नुसता टेकलेला असला की वर येते. हात काही वेळ हवेत तसाच धरून ठेवला, तरीही ती परत डोकावते. हा कंपवात. पूर्वी तो चांगला बळावला की कळायचा. गोष्टीतल्या काळात त्याला अडवून धरणारं औषध निघालं होतं, पण ते लवकर सुरू केलं तरच उपयोगाचं होतं. म्हणून कायदा झाला की असं यंत्र जिथे असेल तिथे त्याने पाहिलेलं आरोग्य केंद्राला कळवायचं. पहिल्या तिकिटाच्या वेळी खेळणाऱ्याने त्याला होकार दिलेला असतो. तो होकार कोणी वाचत नाही.

*

“भूषणभाऊ, जरा इकडे या,” साजिदभाई म्हणाले. केतकी कूपनांवर मिळणारा खोडरबर निवडत होती, ती ऐकण्याच्या अंतरावर होती. साजिदभाईंनी काउंटरवरचा पडदा पप्पांकडे वळवला आणि लगेच परत स्वतःकडे फिरवला, जणू दाखवून चूक केली. “यंत्राचं काही खरं नसतं. पण वरून आलंय, मला सांगावंच लागतं. तुम्हाला उद्या डॉक्टरांचा फोन येईल.”

“मला?”

“तुमच्यासाठी नाही.” त्यांनी केतकीकडे पाहिलं. “पोरीसाठी. हाताचं आहे काहीतरी.”

पप्पांचा उजवा हात पँटच्या खिशात होता. केतकीने पाहिलं, तो तिथून निघाला नाही. पप्पा काही विचारतील, भांडतील, निदान ‘असं कसं’ म्हणतील असं तिला वाटलं. त्यांनी नुसती मान हलवली. ते फार दमलेले दिसले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर निमसे फोनच्या पडद्यावर आल्या. चांगल्या बाई होत्या, हळू बोलत होत्या. बारा वर्षांच्या मुलांत हे जवळजवळ नसतंच, म्हणूनच दुर्लक्ष करून चालणार नाही, असं त्या म्हणाल्या. पुढच्या सोमवारी पुण्याला यायचं. पाठीच्या मणक्यातून सुईने थोडं पाणी काढून तपासायचं.

“सुई? मणक्यात?” केतकीच्या आईने, रोहिणीने विचारलं.

“भूल देऊनच. आणि एक सांगते, लवकर कळलं हे बरं झालं म्हणा. नाहीतर हे हातातून गेल्यावरच कळतं.”

त्या आठवड्यात आई सारखी केतकीचे हात बघत होती. वही धरताना, चपलेचा पट्टा लावताना, गॅसवर दूध बघताना. कोल्ड स्टोरेजमधली पॅकिंगची पाळी करून यायची आणि बूट न काढता विचारायची, “दाखव हात.” मग हात धरून नुसती बसायची. केतकीला ते आवडायचं नाही आणि सोडवूनही घेता यायचं नाही.

“आई, काही होत नाहीये गं मला.”

“होत नसतं सुरुवातीला. डॉक्टर म्हणाल्या ना.”

गुरुवारी संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती, नेहमीसारखी भिंतीला पाठ लावून एका ओळीत. आईने आमटी वाढली. कोणी बोलत नव्हतं, आणि म्हणूनच केतकीला तो आवाज आला. टिण. टिण. टिण. सावकाश, एका चालीत, स्टीलच्या ताटावर. पप्पांनी पुढचा घास घ्यायच्या आधी हात ताटाच्या काठावर टेकवला होता आणि त्यांच्या बोटातली अंगठी काठावर वाजत होती.

केतकीने पाहिलं. पप्पांनी तिला पाहताना पाहिलं आणि हात मांडीवर घेतला.

“सरक गं थोडी कडेला,” आई म्हणाली. “पप्पांना कोपर लागतं तुझं. एवढीशी होती तेव्हापासून हिला डाव्या टोकाला बसवतोय, तरी कोपर पोचतंच.”

केतकी सरकली. आणि सरकता सरकता तिला सगळं कळलं. डावं टोक. पहिल्या नंबरची बंदूक. पहिलं नाव. दोन वर्षं दर रविवारी यंत्राने तिचा हात पप्पांच्या नावावर मोजला होता आणि पप्पांचा हात तिच्या नावावर.

*

जेवण झाल्यावर, गच्चीवर आईने वाळत घातलेल्या चादरी काढायला केतकी आणि पप्पा गेले. ऊन गेलं होतं, उजेड तेवढा होता. दूर कोरड्या बंदरावरची पिवळी क्रेन दिसत होती, कंटेनर अर्ध्यावर लटकलेला. दुसऱ्या पाळीचं कोणी तरी चालवत होतं.

“पप्पा, यंत्राने नावं उलटी धरली.”

पप्पांनी चादरीचं एक टोक धरलं. “हो.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“साजिदभाईंनी सांगितलं तेव्हा कळलं. तिथेच कळलं.”

“आणि हाताचं?”

“त्याला वर्ष झालं.” त्यांनी चादर दुमडली. टोकं जुळली नाहीत. त्यांनी ती पुन्हा उलगडली. “क्रेनवर दांडा धरला की थांबतं. रिकामा राहिला की सुरू. म्हणून रिकामा ठेवत नाही.”

“आईला?”

“नाही.”

“नंदूमामाला?” केतकीने विचारलं. “तो खाली उभा असतो ना हो.”

पप्पा कठड्याला टेकले. “ऐक. दिवाळीला नवी क्रेन येतेय. तिच्या दांड्यातही हीच युक्ती आहे, पतंगांच्या बंदुकीतली. हात हलला तरी कंटेनर हलणार नाही. तोवर फक्त निभवायचं होतं. आता कळलं तर परवाना उद्याच काढून घेतील. वीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही, केतू. मला दुसरं काही येत नाही.”

“आणि सोमवारी मला सुई?”

“तिथवर नाही जाऊ देणार. पुण्याला पोचलो की सांगेन. सुईच्या आधी सांगेन.”

“मग आत्ताच का नाही?”

“आत्ता नको गं,” पप्पा म्हणाले, आणि त्यांचा आवाज आजारी माणसाने दिवा मालवायला सांगावा तसा आला. “एवढा रविवार जाऊ दे. आठवडाभर मी तो हात बघतो. रविवारी तेवढा दिसत नाही. पडद्यावर माझा जुना हात असतो.”

केतकीला रडू येत होतं आणि राग येत होता, आणि दोन्ही एकदम आले की तिला काहीतरी मोजत बसायची सवय होती. तिने दोरीवरचे चिमटे मोजायला घेतले. मधेच थांबली.

“पप्पा, नवी क्रेन थरथर वजा करणार ना?”

“हो. सांगतोय ना.”

“मग ती पण आधी मोजेल की.”

पप्पा कठड्यापासून सरळ झाले.

“मोजल्याशिवाय वजा कसं करेल? आणि मोजलं की कळवणार. यंत्राने कळवलं तसंच. पहिल्याच दिवशी.”

खाली आई हाक मारत होती. पप्पांनी मघापासून हातात धरलेली चादर बघितली. मग ते हसले, पण ते हसणं केतकीला बघवलं नाही.

“हे माझ्या लक्षातच नाही आलं बघ,” ते म्हणाले. “एवढं साधं.” आणि पुन्हा, “एवढं साधं होतं.”

पण आईला ते त्या दिवशी काही बोलले नाहीत. शुक्रवारीही नाही. शुक्रवारी आईने सोमवारसाठी पिशवी भरली. केतकीचा टॉवेल, बिस्किटं, देवघरातला अंगारा एका कागदात. शनिवारी पप्पा पाळीवर गेले आणि नंदूमामाबरोबर परत आले. मामाने दारातूनच केतकीला हाक मारली, तिच्या आवडीची पेरूची पिशवी दिली आणि तिच्याशी इतकं जपून बोलला, जणू ती काचेची आहे. पप्पा मोरीत बराच वेळ हात धूत राहिले. केतकीने ठरवलं असतं तर मामाला तेव्हाच सांगता आलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण पप्पांच्या मागे, पप्पांना सोडून, ते वाक्य तिला बोलता येईना.

मुलांनो, यंत्रावर रागावणं सोपं आहे. मी त्याच्यावर थोडा रागावलोही होतो. माणूस जे कोणाला सांगायला तयार नसतो, ते न विचारता सांगून टाकायचा त्याला काय अधिकार? पण यंत्राने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्याने हात बरोबर ओळखला होता. नाव कोणाचं, हे आपण त्याला सांगितलं होतं.

*

रविवारी आईने “आज कशाला जाता?” असं विचारलं. मग स्वतःच म्हणाली, “जा. पोरीचं मन रमेल.”

बंद पडलेला जिना दोघं चढली. पप्पा प्रत्येक मजल्यावर थांबले. दम लागला होता असं नाही, उगाच थांबले. हॉलमध्ये कोणी नव्हतं. साजिदभाई पंख्याखाली पेपरने स्वतःला वारा घालत बसले होते. केतकीला बघून घाईने उठले. “ये गं बाळा. आज तिकीट नको. बस, खेळ मनसोक्त.”

“तिकीट घेणार आम्ही,” केतकी म्हणाली.

“बरं बाई. नावं?”

पप्पांनी तोंड उघडलं. दोन वर्षांची सवय होती. दोन्ही नावं त्यांच्या जिभेवर तयार होती. केतकीने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. नुसती थांबली. त्यांनी सांगायचं तेच सांगितलं असतं तर तिने काय केलं असतं, तिचं तिलाही ठाऊक नव्हतं.

पप्पांनी तोंड मिटलं. खिशातला हात खिशातच होता.

“तू सांग,” ते म्हणाले.

“पहिल्या नंबरला केतकी खैरनार,” ती म्हणाली. “दुसऱ्या नंबरला भूषण खैरनार. आणि साजिदकाका, नेमाला यंत्र मदत करतं ना, ती बंद करा. दोघांची.”

“मदत बंद?” साजिदभाई हसले. “अगं, मदत बंद केली तर पतंग राहील बाजूला, माझा पंखा पाडाल. चॅम्पियन लोकही नाही करत.”

“असू दे.”

साजिदभाईंनी पप्पांकडे बघितलं. पप्पांनी होकाराची मान हलवली. तेव्हा साजिदभाईंनी काउंटरवरचा पडदा नीट पाहिला. पहिलं नाव, दुसरं नाव. मग मान वळवून कोपऱ्यातल्या यंत्राकडे पाहिलं, डावीकडच्या बंदुकीकडे आणि उजवीकडच्या. त्यांचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी दोन्ही कळा दाबल्या आणि पेपर घडी करून ठेवला.

दोघं आपापल्या जागी उभी राहिली. केतकी डावीकडे. पडद्यावर संक्रांतीचं आभाळ उघडलं.

पप्पांनी खिशातून हात काढला. दुसऱ्या नंबरची बंदूक उचलली. पडद्यावर नेमाचा बारीक गोल असतो, तो आजवर कधी हललेला केतकीने पाहिला नव्हता. आज तो पतंगाभोवती घाबरलेल्या माशीसारखा फिरत होता. पप्पांनी चाप ओढला. पतंग तिथेच राहिला. पुन्हा ओढला. कडेने चाललेला बगळा फडफडत पडला. पप्पांनी बंदूक स्टँडवर टेकवली, आणि स्टँडवर ती वाजायला लागली. टिण. टिण. टिण. रिकाम्या हॉलमध्ये तो आवाज किती मोठा होता!

“बघितलंस?” पप्पा म्हणाले. “हा आहे.”

केतकीचा हात आपोआप पुढे गेला होता. पप्पांच्या मनगटाखाली धरायला, आधार द्यायला. मनगटापासून वीतभर अंतरावर तो थांबला. आधार दिला तर यंत्राला पुन्हा खोटंच दिसलं असतं, हे तिला कळत होतं. आणि पप्पांनाही.

वरून नवा पतंग आला, मोठा, लाल, सावकाश. यंत्र वाट बघत होतं. पप्पांनी बंदूक उचलली नव्हती.

केतकीने आपला हात मागे घेतला. मग नंदूमामा क्रेनखाली उभा राहून करतो तसा, कोपर सरळ धरून, तिने तोच डावा हात उंच केला, तर्जनी आभाळाकडे धरून हवेत गोल फिरवली, आणि पप्पांना वरच्या केबिनमध्येही ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडली, “हबेस!”